बंद नाकाची दहा गाणी

इत्सुए मकिमुरा वीस-बावीस वर्षं गात होती आणि तिचं गाणं कुणी ऐकलेलं नव्हतं. ही काही तक्रार नव्हे, तिचा धंदाच तो होता.

तोक्योत एखाद्या गायिकेचं नवं गाणं बांधलं जातं तेव्हा संगीतकार ते आधी दुसऱ्याच कुणाकडून तरी साधंसुधं गाऊन घेतो. ती कॅसेट गायिकेकडे जाते, गायिका ती ऐकून ऐकून चाल पाठ करते, मग खरं रेकॉर्डिंग होतं आणि कॅसेट कुठल्यातरी खणात पडून राहते. या आधीच्या गाण्याला कच्चं गाणं म्हणतात. इत्सुए कच्ची गाणी गायची, आणि त्या कामात तिच्या तोडीचं दुसरं माणूस नाही असं स्टुडिओतले सगळे म्हणायचे. तोडीचं म्हणजे काय, तर तिच्या आवाजाला काहीही चव नव्हती. कुठे लाडीकपणा नाही, शेवटच्या अक्षरावर रेंगाळणं नाही, एकही लकब नाही. ती गायली की गाणं जसंच्या तसं समोर यायचं, आणि जी कुणी गायिका असेल तिने ते उचलून आपल्या अंगाला बसवावं. "मकिमुरासानचा आवाज म्हणजे नुसतं पाणी," असं संगीतकार तिला तोंडावर म्हणायचे आणि ती मान लववून आभार मानायची. दुसऱ्या एखादीने असं ऐकून समोरच्याच्या अंगावर चहा ओतला असता.

इत्सुएची आई योनेझावाला किमोनो शिवायची. कापड जागच्या जागी राहावं म्हणून ती आधी पांढऱ्या दोऱ्याने मोठे मोठे कच्चे टाके घालायची, मग खरी शिलाई, आणि ती झाली की पांढरा दोरा ओढून काढून टाकायचा. चुकून एखादा टाका राहिला आणि बाई तशीच लग्नाला गेली, तर मागच्या रांगेतल्या बायका तोंडावर बाही धरून हसायच्या. आपलं काम म्हणजे आईचा कच्चा टाका, असं इत्सुए स्वतःशी म्हणायची. दोरा निघाला की काम चोख झालं.

तिचा आवाज जन्मापासून असा बेचव होता असं मात्र नाही. एकोणिसाव्या वर्षी तिची स्वतःची एक तबकडी निघाली होती. त्या काळी कापऱ्या आवाजाच्या एका गायिकेची चलती होती, म्हणून कंपनीला सगळ्याच नव्या पोरी कापऱ्या हव्या होत्या. इत्सुएने गळा कापवायला शिकून घेतलं, वर्ष-दीड वर्ष कापवला, तबकडी निघाली आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत दुकानातून गेलीही. त्यानंतर तिने तो काप गळ्यातून काढायला घेतला. काप निघाला, पण त्याच्याबरोबर आधीचं जे काही होतं तेही निघून गेलं. आपण आधी कसं गात होतो हे तिला आठवेचना. उरला तो मोकळा, बिनरंगाचा आवाज. माणूस कशावर पोट भरेल याचा नेम नसतो, तिने त्या रिकाम्या जागेवर भरलं.

लग्न एकदा झालं होतं आणि एकदाच मोडलं होतं. नाकानो भागात त्सुरुमाकी आजींच्या तोफूच्या दुकानावर तिची खोली होती. आजी पहाटे उठून सोयाबीन वाटायच्या, त्या घरघरीवर इत्सुएची झोप मोडायची, आणि उतरताना रोज दोघींचं काहीतरी बोलणं व्हायचं. एकंदरीत बरं चाललं होतं.

एकोणीसशे शहाण्णवच्या मार्चात मात्र घोटाळा झाला. दर वर्षी या दिवसांत पश्चिमेच्या डोंगरांवरचे देवदार पराग सोडतात, पिवळी धूळ शहरावर येते आणि निम्मं तोक्यो तोंडाला मास्क लावून डोळे चोळत फिरतं. इतकी वर्षं इत्सुए या लोकांना हसत आली होती. त्या दिवशी जिन्यावरच तिला शिंकांनी असं धरलं की कठड्याला टेकून उभं राहावं लागलं. आजींनी तोफूच्या पाण्यातून हात काढून वर पाहिलं.

"झालं का गं यंदा पदार्पण?" त्या म्हणाल्या. हा रोग ज्याला पहिल्यांदा लागतो त्याला तोक्योतले लोक असंच विचारतात.

"सर्दी आहे, आजी."

"सर्दीला डोळे खाजत नाहीत. माझी सून पण पहिल्या वर्षी सर्दीच म्हणत होती."

नेमकी त्याच आठवड्यात इत्सुएला दहा कच्ची गाणी गायची होती. एका नव्या मुलीचा पहिला अल्बम निघणार होता. नाचाची गाणी, यंत्राच्या ठेक्यावरची, एकामागून एक दम न खाऊ देणारी. मुलगी ओकिनावाच्या एका बेटावर होती, तिची शाळा संपायची होती. तिने तिथेच कॅसेटवरून गाणी बसवायची आणि जूनमध्ये तोक्योला यायचं, असं ठरलं होतं. या कामाचा सगळा भार साकाकी नावाच्या माणसावर होता. छत्तिशीतला हडकुळा माणूस, उभ्या उभ्या भाताचे गोळे खायचा, आणि पहिल्यांदाच एक अख्खा अल्बम त्याच्या एकट्याच्या हाती आला होता.

इत्सुएने चार दिवस पुढचे मागायला हवे होते. कच्च्या गाण्याच्या बाईने सर्दीत गायचं नाही हा साधा नियम. पण एकदा नाही म्हटलं की पुढचा फोन दुसरीला जातो, हेही तिला ठाऊक होतं. तिने गोळी घेतली, नाक शिंकरलं आणि जाऊन उभी राहिली. स्वतःच्या बंद कानांना तिला सगळं ठीकच ऐकू आलं. काचेपलीकडे साकाकी मास्क आणि चष्मा लावून बसला होता, आणि ध्वनिमुद्रण करणारे कुरामोची तर या रोगाचे जुने मानकरी, दोन्ही नाकपुड्यांत कापूस घालून यंत्रावर बसलेले. त्या खोलीत एकही उघडं नाक नव्हतं. तिसऱ्या गाण्यात धृपदाच्या आधी इत्सुएने न राहवून नाक वर ओढलं. तिने थांबून माफी मागितली, तर कुरामोची म्हणाले राहू दे, कच्चंच तर आहे.

दहाही गाणी विमानाने ओकिनावाला गेली. एप्रिलच्या शेवटी देवदार थंडावले, इत्सुएचं नाक मोकळं झालं आणि ती ते विसरून गेली.

जूनमध्ये साकाकीने तिला मागच्या साथीच्या आवाजासाठी बोलावलं. कच्चं गाणारीनेच मागे साथ करायची ही नेहमीची पद्धत. ती पोचली तेव्हा सात गाणी होऊन गेली होती, आठवं चालू होतं. साकाकीने तिला नमस्कारसुद्धा धड करू दिला नाही, खुर्चीत बसवलं आणि स्पीकरचा आवाज वाढवला.

"ऐका," तो म्हणाला. "आवाज नाकात जाऊन असा अडतो ना, तिथे माणूस मरतो. वीस वर्षांत असं काही आलं नाही. मी जाहिरातीची ओळसुद्धा यावरच बेतली आहे."

इत्सुए ऐकत राहिली. आवाज तरुण होता, गोड होता आणि तिच्या फार ओळखीचा होता. 'म' जिथे जड पडत होता तिथे तो तिचाही जड पडला होता. साकाकीने कौतुकाने मागची गाणीही लावून दाखवली. तिसऱ्या गाण्यात, धृपदाच्या बरोबर आधी, मुलीने नाक वर ओढलं. 

जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी बाहेरच्या बाकावर दोन्ही हातांनी कानशिलं दाबून बसली होती. बुटकी, उन्हात रापलेली, जाड भुवयांची. तिचं खरं नाव चिनात्सु नाकांदाकारी, पण एवढं लांब आडनाव सीडीच्या डबीवर मावणार नाही म्हणून कंपनीने तिची रिओना केली होती. डोकं धरलेलं होतं तरी तिचे पाय खाली ठेका धरतच होते. समोरची बाई म्हणजेच कॅसेटवरच्या मकिमुरासान हे कळल्यावर ती ताडकन उठली आणि कमरेत वाकली.

"बाई, तुमची कॅसेट मी झिजवली. दोनदा फीत तुटली, मामाने चिकटवून दिली."

इत्सुएने तिला बसायला सांगितलं. मुलगी थोडा वेळ डब्यातला भात इकडेतिकडे करत राहिली.

"एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"नाक असं दिवसभर धरून कसं ठेवता हो तुम्ही? माझं डोकं फुटायला आलंय. आधी तर मला जमेचना. मग मी कपड्यांचा चिमटा लावून सराव केला. आजी हसायची, पण म्हणाली, तोक्योत असंच गात असतील, शीक मुकाट. आता चिमट्याशिवाय येतं. पण संध्याकाळी जेवण नको वाटतं."

इत्सुएला आधी हसू आलं. ते तिने आवरलं. तिने मुलीला विचारलं की तुमच्याकडे देवदार असतात का. मुलीने नाही म्हणून मान हलवली. ऊस असतो, अननस असतो, देवदार तिने फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिले होते. परागाने माणसाचं नाक बंद होतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण, त्या बेटावर तो रोगच नाही.

दुपारी इत्सुएने साथ केली. साकाकीने बजावलं की मुलीच्या आवाजाला मिळेल असं जरा नाकातून घ्या. म्हणजे आता मोकळ्या नाकाची इत्सुए बंद नाकाच्या इत्सुएची नक्कल करणाऱ्या मुलीची नक्कल करत होती. तिला ते धड जमलंही नाही.

घरी येऊन ती जिन्याच्या पायरीवरच बसली. गप्प राहणं अगदी सोपं होतं. मकिमुराच्या कच्च्या गाण्यात लकब निघाली असा बोभाटा झाला की तिला कोण बोलावणार होतं, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी दुसरं येत तरी काय होतं? साकाकी खूश होता. उद्या लोकही खूश होतील, कदाचित डोक्यावर घेतील. पण लोकांनी डोक्यावर घेतलं की मग सुटका नाही. पहिल्या अल्बमचा आवाज तोच गायिकेचा चेहरा होऊन बसतो, आणि पोरगी पुढची दहा वर्षं नाक धरून गाईल. एक दिवस ती नाक सोडू पाहील आणि आत काही नसेल. हे इत्सुएला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिच्या त्या तबकडीच्या वेळी मागे साथ करणारी एक पोक्त बाई होती. इत्सुएचा कापरा आवाज ऐकून ती गाणं संपल्यावर जवळ आली होती, तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली होती, आणि मग पिशवीतून घशाची एक गोळी काढून हातावर ठेवून घरी गेली होती. तिला कळलं होतं. इत्सुएने त्या बाईवर मनातल्या मनात इतकी वर्षं राग धरला होता. आता तिला वाटलं, त्या बाईलाही भाडं भरायचं असेल.

"कुणाचं तेरावं आहे का?" आजींनी खालून विचारलं.

इत्सुएने त्यांना सगळं सांगितलं. आजी तोफूचे तुकडे करता करता ऐकत होत्या. त्यांनी सल्ला वगैरे काही दिला नाही, फक्त विचारलं की मिठाई कुठून नेणार आहेस.

चूक कबूल करायला जाताना मिठाईचा डबा न्यायचा असतो, आणि तो जड हवा. डबा जड तितकी माफी खरी, असं मोठ्या कचेऱ्यांतले लोकही मानतात. म्हणून अशा वेळी लोक योकान नेतात, लाल चवळीच्या त्या घट्ट वड्या, विटेसारख्या वजनाच्या. इत्सुएने दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातला सगळ्यात मोठा डबा घेतला. स्टुडिओपर्यंत नेता नेता तिच्या बोटांना वळ पडले.

त्या दिवशी तिला बोलावलेलं नव्हतं. दारात ती दिसली तेव्हा साकाकी हसला, मग त्याची नजर डब्यावर गेली आणि हसू थांबलं. त्याने डबा हातात घेतला. त्याचं मनगट किंचित खाली गेलं.

"किती वाईट आहे?" त्याने विचारलं.

"बसून बोलू या," इत्सुए म्हणाली.

तिने मार्चातली गोष्ट सांगितली. कुरामोचींनी खणातून जुनी कॅसेट शोधून काढली आणि लावली, मग मुलीचं गाणं लावलं, मग पुन्हा कॅसेट. नाक ओढल्याचा आवाज दोन्हीकडे एकाच जागी आला. कुरामोचींनी कपाळ यंत्राच्या कडेला टेकलं, त्यांचे खांदे हलत होते. साकाकीला मात्र हसू येत नव्हतं. 

"तुम्ही गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? मला हा आवाज हवाय. लोकांना आवडेल हा."

"आवडेल."

"मग?"

"तो तिचा नाहीये हो. माझाही नाही. देवदाराचा आहे."

चिनात्सु दारात उभी राहून ऐकत होती हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "म्हणजे बाई आजारी होत्या?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता भिंतीला टेकून खाली बसली. चिमट्याचे ते सगळे महिने तिच्या डोळ्यांसमोर आले असणार. साकाकी तिच्याकडे पाहत बसला. तो दुष्ट माणूस नव्हता, घाबरलेला होता. शेवटी तो म्हणाला की आज एक गाणं मोकळ्या नाकाने घेऊन बघू. संध्याकाळी कंपनीतले वरचे लोक ऐकायला येणार आहेत. त्यांच्यापुढे ठेवण्याजोगं झालं तर ठीक, नाहीतर आहे तेच जाईल आणि कुणी या विषयावर पुन्हा बोलायचं नाही.

चिनात्सु माइकपुढे उभी राहिली. संगीत सुरू झालं, तिने तोंड उघडलं आणि बंद नाकातून गाणं बाहेर आलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिने डोळे मिटून पाहिलं, मान वर करून पाहिली. गाणं तिच्या अंगात शिरलं होतं ते नाकासकटच शिरलं होतं. दुपारपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग तर नाक खरंच बंद झालं.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही एकदा नीट गा ना. मोकळ्या नाकाने. मी ऐकते आणि तसं गाते. मला पटकन येतं."

"हो, गा की," साकाकी म्हणाला. "एका तासाचं काम आहे."

खरंच एका तासाचं काम होतं, आणि ते केलं असतं तर इत्सुएची गेलेली पत तिथल्या तिथे परत आली असती. तिच्या ओठांवर चाल आलीसुद्धा. मग तिला दिसलं की मुलीने मान पुढे काढली आहे, कान देऊन, उष्टावण करायला बसलेल्या बाळासारखी. आपण गायलो की हिच्या अंगात पाणी भरणार. बंद नाकाऐवजी मोकळं नाक, पण ते पुन्हा दुसऱ्याचंच.

"मी नाही गाणार," ती म्हणाली.

साकाकीने हातातली पेन्सिल टेबलावर टाकली.  कुरामोचींनी उगाच संगीताची फीत चालू ठेवली होती. इत्सुएला त्या मुलीचा मनापासून राग आला, स्वतःचाही आला, आणि कुठे बघायचं न सुचून ती खाली जमिनीकडे बघत बसली. मुलीचे पाय चालू होते. डोळे पुसणं चालू होतं आणि पाय आपले आपले चालू होते, टाच, चवडा, टाच.

"तू नाचतेस कशी? गाताना?"

"इथे नाही नाचत. पहिल्या दिवशी नाचले तर लाकडी जमीन वाजली, ते माइकात आलं. साकाकीसान म्हणाले खांबासारखी उभी राहा."

"घरी?"

"घरीपण चिमटा पडतो ना नाचलं की."

इत्सुएने कुरामोचींकडे पाहिलं. ते आधीच उठले होते. पियानोवर टाकायची जाड पांघरुणं कोपऱ्यात पडली होती, ती त्यांनी माइकपुढे घडीवर घडी अंथरली, वर बसायच्या चटया टाकल्या आणि त्यांच्यावर पुन्हा एक पांघरूण. मुलीला बूट-मोजे काढायला लावले. कानांवरचा हेडफोन उडू नये म्हणून डोक्याभोवती पट्टी बांधली. ती मार लागलेल्या माणसासारखी दिसत होती. इत्सुएने तिला एवढंच सांगितलं की गाण्याकडे बघू नको, नाच चुकवू नको.

पहिलं कडवं बंद नाकानेच आलं. दुसऱ्या कडव्यात तिचा दम कमी पडायला लागला. धृपदाला तिने दोन्ही हात टाकून अशी काही गिरकी घेतली की शरीराला हवा मागावीच लागली, आणि नाक, तोंड, गळा, जे जे उघडू शकत होतं ते सगळं उघडलं. जो आवाज आला तो रुंद होता, कडेला जरा खरखरीत. एका जागी सूर खाली गेला. गोडवा गेलेला होता. स्टुडिओच्या भिंतींना बहुधा असा आवाज माहीत नव्हता, आणि चिनात्सुलाही नसावा, कारण ती मध्येच थांबली आणि घाबरून काचेकडे पाहायला लागली.

 कुरामोची साकाकीला न विचारता माइकात म्हणाले, "पुन्हा सुरुवातीपासून घेतो, तयार राहा," आणि त्यांनी फीत मागे नेली.

संध्याकाळी वरच्यांना काय ऐकवलं ते इत्सुएने पाहिलं नाही. साकाकी तिला जिन्यापर्यंत सोडायला आला. मिठाईचा डबा त्याने ठेवून घेतला होता. तो नीट कमरेत वाकला आणि म्हणाला, "मकिमुरासान, यापुढे आपल्याला त्रास देणार नाही." या वाक्याचा अर्थ तोक्योत लहान पोराला कळतो. इत्सुएही तितकीच वाकली.

त्याने आपला शब्द पाळला, आणि बाकीच्या स्टुडिओंनीही हळूहळू तिला त्रास देणं सोडलं. मकिमुराच्या नाकाची गोष्ट गावभर झाली होती, लोक ती जेवताना एकमेकांना सांगून हसायचे. चांगली गोष्ट होती, हसण्यासारखीच. ऑगस्टपासून इत्सुए सकाळी आजींबरोबर तोफू कापायला लागली आणि मंगळवारी दुपारी वस्तीच्या सभागृहात बायकांना गाणं शिकवायला लागली. पहिल्याच दिवशी एका काकूंनी वही उघडून विचारलं की तुमच्यासारखं कसं गायचं ते सांगा. माझ्यासारखं नका गाऊ, असं इत्सुए म्हणाली, तेव्हा बायकांना वाटलं बाई फार विनयशील आहेत.

रात्री कधी कधी तिला वाईट वाटायचं. गाणं सुटल्याचं नव्हे, तर शेवटचा दोरा नीट निघाला की नाही हे न कळल्याचं. मुलीचा फोन आला नाही, पत्र आलं नाही. नव्या गायिकेला कोण फोन करू देतं म्हणा.

सप्टेंबरात नाकानो स्टेशनाबाहेर जाहिरातीचे कागदी रुमाल वाटणाऱ्या मुलीने तिच्या हातात एक पुडकं कोंबलं. रोज कोंबतात, कधी बँकेची जाहिरात, कधी चष्म्याची. इत्सुए ते पिशवीत टाकणार होती, तेवढ्यात तिला जाड भुवया दिसल्या. पुडक्यावर रिओना होती, गिरकीच्या मधोमध पकडलेली, आणि पाय अनवाणी. मागच्या बाजूला अल्बमची तारीख होती. तारीख कालचीच होती.

पलीकडच्या दुकानात नव्या सीडी ऐकून बघायला एक यंत्र ठेवलं होतं. इत्सुए आपल्या पाळीपर्यंत रांगेत उभी राहिली आणि तिने हेडफोन कानांवर चढवला. पहिलं गाणं तोच रुंद, खरखरीत आवाज घेऊन आलं. ती श्वास रोखून ऐकत होती. कुठे बंद नाक नाही, कुठे पाणी नाही. दुसरंही तसंच. पोरगी स्वतःची गात होती, दोन्ही नाकपुड्या उघड्या टाकून. इत्सुएला फार बरं वाटलं. एकही टाका उरला नव्हता.

तिसऱ्या गाण्यात, धृपदाच्या बरोबर आधी, संगीत क्षणभर थांबलं आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी नाक वर ओढलं.

चांगलं मोठ्याने ओढलं. मोकळ्या नाकाचं, मुद्दाम केलेलं, मार्चातल्या एका बाईचं न राहवून ओढलेलं नाक जसंच्या तसं. त्याच्या पाठोपाठ धृपद उसळलं. यंत्राच्या वरच्या पडद्यावर रिओना नाचत होती आणि त्या जागी तिने मनगटाची मागची बाजू नाकाखालून सर्रकन फिरवली. रांगेच्या शेवटी शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली पडद्याकडे बघून नाच बसवत होत्या. त्यांनीही नाकाखालून मनगट फिरवलं, नाक ओढलं, आणि एकीचं चुकलं म्हणून दोघींनी पुन्हा केलं.

इत्सुएने पिशवीतलं पुडकं काढलं, रिओनाच्या तोंडावरून फाडलं आणि एक कागद नाकाला लावला. मग दुसरा लावला. मागे उभ्या असलेल्या बाईंनी तिच्याकडे काळजीने पाहिलं.

"पराग का हो?" त्या म्हणाल्या. "आता, सप्टेंबरात?"

"हो," इत्सुए म्हणाली. "मला यंदाच लागलाय."

मग तिने त्या बाईंची माफी मागितली, अजून थोडा वेळ लागेल म्हणून सांगितलं, आणि तिसरं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.